आठ टनांचा जॅक

मी बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या वस्तीत मॅट्रिक पास झालेली माणसंसुद्धा दोनच होती. मी ते तेव्हा मिरवत होतो आणि खोटं कशाला बोलू, आजही मिरवतो. नाशिकजवळच्या एका धरणावर स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो, ते साल एकोणऐंशी असावं. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्याच धरणावर खलाशी होते. म्हणजे आबांना लागणारे दोरखंड, ग्रीस, हातमोजे त्यांना माझ्याकडून सही करून न्यावे लागत. ते सही करत आणि आजूबाजूला कोण बघतंय ते पाहत.

धरणावर एक लोखंडी बोट होती. एरवी पाण्याची खोली मोजायला, आणि नदीला पूर आला की खालच्या गावांकडे न्यायला. ती दोन चाकांच्या गाड्यावर चढवून ठेवलेली असे. गाड्याला पुढं लांब लोखंडी दांडी. दांडी जीपच्या हुकात अडकवली की बोट निघाली. जीप सुटी केली की चौघांनी दांडी धरून दगडांच्या थप्पीवर ठेवायची. जोडताना पुन्हा चौघांनी उचलायची आणि पाचव्यानं खाली बसून हुकात पिन सारायची. हा पाचवा माणूस नेहमी आबा. आदल्या पावसाळ्यात चौघांपैकी एकाचा हात सुटला आणि दुसऱ्याच्या पायाची दोन बोटं दांडीखाली चेचली. मग साहेब म्हणाले, जॅक आणा. ते काम माझ्याकडं आलं.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बोट, इंजिन, गाडा, सगळं मिळून दोन टनांच्या आतच भरत होतं. नाशकातल्या द्वारका नाक्यावर ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "गाडी कोणती?"

"बोट."

"बोट? नाशकात?" तो हसायलाच लागला. "नांगर पण दाखवू का, साहेब?"

हसून झाल्यावर त्यानं गाड्याची, दांडीची माहिती विचारली आणि मागच्या बाजूनं एक स्क्रूचा स्टँड काढला. वर हँडल, खाली ताटलीएवढी जाड पत्र्याची बैठक. "हा घ्या. दांडीलाच बोल्टनं बसतो. लासलगावला कांद्याच्या ट्रॉल्या याच्यावरच उभ्या असतात."

कांद्याच्या ट्रॉलीचं सामान सरकारी बोटीला? मला ते कमीपणाचं वाटलं. बाजूला तेलाचा जॅक होता, ट्रकखाली लावतात तसला. लाल, चकचकीत, अंगावर आठ टन असं उठवलेलं. दोनला आठ, चौपट. मी तोच घेतला.

आबांनी तो स्वतः उचलून स्टोअरबाहेर नेला आणि मुकादमाला दाखवला. "पोरानं हिशोब करून आणलाय."

मृगाच्या तोंडावर बोट हलवायची ठरली. धरणाचं पाणी मागं हटलं होतं आणि गाडा उभा होता तिथं गाळ होता. वरून खपली धरलेला, आतून लोण्यासारखा. मीही गेलो. खरं म्हणजे माझं तिथं काम नव्हतं. कौतुक ऐकायला गेलो होतो.

चाकांमागं दगड लावले. दांडीखाली जॅक ठेवला आणि आबा जॅकचा दांडा हलवू लागले. दांडी थप्पीवरून सुटली, टीचभर वर आली. मुकादमानं थप्पीचे दगड काढून घेतले. आता दांडी फक्त जॅकवर होती. जीप मागं घेत हूक जवळ आणला. आबा खाली बसले, हातात पिन घेतली आणि मान दांडीखाली घातली.

तेव्हा मला जॅकचा पाय दिसला. तळहाताएवढा. त्याच्याभोवतीची खपली फुटली होती आणि एका बाजूनं ओलं वर येत होतं. जॅक बोटभर कलला होता. आणि त्याच्या गोल डोक्यावर दांडी नुसती टेकलेली होती, कशानंच बांधलेली नव्हती. माझ्या हिशोबात वजन होतं. जमीन नव्हती.

ओरडायला हवं होतं, हे मला त्या क्षणी पक्कं कळत होतं. पण सगळे बघत होते. आबांची मान दांडीखाली होती आणि मी विचार कसला करत होतो, तर हे लोक आता काय म्हणतील याचा. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. चार श्वास असतील, पाच असतील. ते श्वास मला अजून आठवतात.

"आबा, बाहेर या."

"थांब, पिन लागतीय."

"आधी बाहेर या! जॅक चुकीचाय. माझं चुकलं."

आबांनी मान काढली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच चारचौघांत त्यांच्या तोंडात मारली होती. "काय चुकलं? आठ टनाचा हाय ना?"

मी नुसता जॅककडं हात केला. मुकादम म्हणाला, "बघू तर," आणि लांब उभं राहून पहारीनं जॅकला जरासा धक्का दिला. जरासाच. जॅक आडवा झाला, दांडी खाली आली आणि आबा बसले होते त्या जागी गाळात वीतभर रुतली. बोटीत साचलेलं पाणी धाडकन पुढं आलं. जीपवाला खाली उतरून आबांना चाचपायला लागला.

"बीएस्सी," मुकादम जरा वेळानं म्हणाला, "तुझ्या आठ टनानं दोन टनाचीबी लाज राखली नाय रे." कुणी हसलं नाही. आबांनी पिन पुसून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं द्वारकेला गेलो. दुकानात मी काही विचारायच्या आत तेच पुढं झाले. "पोरगा बीएस्सी हाय माझा. त्याला समदे जॅक दाखवा." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग आबा गुडघ्यावर बसले, स्टँडच्या बैठकीवर आपला चपलेचा पाय ठेवून पाहिला, चहूबाजूंनी हलवून पाहिला. प्रवासात तो वर उचलून अडकवता येतो का, ते विचारलं. शेवटी मला म्हणाले, "हा बरा वाटतोय. तू बघ."

तो कांद्याच्या ट्रॉलीचाच होता. आम्ही तोच आणला, दांडीला चार बोल्ट मारले आणि बैठकीखाली लाकडाची फळी टाकली. या वेळी हँडल मी फिरवलं. दांडी सरळ वर आली, फळी जागची हलली नाही. आबा खाली बसले आणि मान आत घातली.

चांगल्या स्क्रूचं हँडल सोडलं तरी वजन खाली येत नाही. हे मी पुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, त्याला पूर्ण मार्क मिळाले होते.

"सोड आता हँडल," आबा खालून म्हणाले. "पिन अडकलीय, हुकाकडून दाब."

माझ्या मुठी उघडेनात.

"सोड की रे!"

"नाही सोडत," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाला तरी दाबू दे."

मुकादम पुढं झाला, त्यानं पिन दाबली. आबा बाहेर आले, उभे राहिले, गाड्यापासून दोन पावलं लांब गेले. तोवर माझे दोन्ही हात हँडलवरच होते.