बाराव्या पुलाअलीकडे

ग्रोनिंगेनकडच्या माणसांना एखादी गोष्ट मनापासून आवडली, तर ती म्हणतात, “याहून वाईट असू शकलं असतं.” लुप्पो हुइझिंगच्या आईने जाताना मुलाबद्दल हेच उद्गार काढले होते, आणि लुप्पोने ते प्रशस्तिपत्रासारखे जपले होते. वय अडुसष्ट. बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. लग्न करायचं नाही असं त्याने कधी ठरवलं नव्हतं. विषय निघायची तो वाट पाहत राहिला आणि विषय काही निघाला नाही.

सात मीटरची हिरवी पोलादी मोटरबोट त्याने स्वतः बांधली होती. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे हंगाम संपताना, ती हिवाळ्यापुरती ठेवायला तो एकटाच जुन्या कालव्याने तळ्याकडे निघे. पूर्वजांनी दलदलीतली जळणाची माती वाहायला हा कालवा खणला तो फूटपट्टी लावून. त्यावर बारा पूल, आणि बाराही पुलांना मिळून बाई एकच, वुबीना. आदल्या दिवशी फोन केला की सकाळी नऊला ती पहिल्या पुलावर हजर. दांडा फिरवून पूल उघडायचा, बोट गेली की मिटायचा, आणि सायकलवर टांग मारून काठाकाठाने पुढचा पूल गाठायचा.

अशी एकट्या माणसाला दिवसभर सोबत असे, पण मध्ये वीस हात पाणी आणि इंजिनाची धडधड. बोलायला सवड मिळे ती पुलापाशी, अर्धं मिनिट. अकरा वर्षं, बारा पूल. एका लांबलेल्या हिवाळ्यात लुप्पोने हिशेब केला होता, सारं मिळून सहासष्ट मिनिटं. तेवढ्यात इतर लोक लग्न जमवून मोडतातही.

यंदा कालव्याच्या कचेरीतून पत्र आलं होतं. पुढच्या एप्रिलपासून पूल दूरच्या शहरातल्या एका खोलीतून, कॅमेऱ्यात बघून, बटणावर उघडणार. वुबीनाला निवृत्ती आणि एक गुच्छ.

लुप्पोने जुलैपासून एक वाक्य तयार केलं होतं: माझ्याकडे कॉफी आहे. आरशासमोर ते चांगलं यायचं.

पहिल्या पुलावर तो म्हणाला, “मोय.” तिकडे सकाळ, दुपार, लग्न, मयत, सगळ्याला हाच नमस्कार.

“मोय. झोप झाली नाही वाटतं?”

“झाली की.” एवढ्यात पूल मागे पडला.

चौथ्या पुलावर ती वरून ओरडली, “अहो, बदकं पुढे गेली तुमच्या!”

“त्यांना घाई असते.”

पाचव्यावर ती म्हणाली, “बहीण म्हणतेय, इकडे ये राहायला. पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, झीलंडला.”

लुप्पोने तोंड उघडलं तोवर बोट पुलापलीकडे गेली होती. पुढचा दीड किलोमीटर त्याला झीलंड दिसत राहिलं. काठावर तिची पाठ, निळं जाकीट, मागच्या कॅरियरला बांधलेला दांडा. उजवं पेडल करकरत होतं. पेडलला तेल हवंय, हे तो गेली तीन वर्षं सांगणार होता.

सहाव्यावर त्याने विचारलं, “मग जाणार?”

“हवा बरी असते म्हणे तिकडे.”

बारा ते एक पूल बंद, हा नियम. वुबीना सातव्या पुलाशेजारच्या खोपटात बसून मोहरीचं सूप प्यायची. चाळीस पावलांवर खुंटाला बोट बांधून लुप्पो राईच्या पावावर चीज ठेवून खायचा. समोर थर्मास आणि दोन कप. एकातून तो प्यायचा. दुसरा तसाच घरी जायचा, पण धुतला मात्र जायचा. खोपटाची खिडकी बोटीकडेच होती. तिच्या काचेत आभाळ दिसायचं, त्यामुळे आत कोण कुठे बघतंय ते कळत नसे.

आठव्या पुलावर श्वास घेऊन तो म्हणाला, “यंदा बटाटे बरे झालेत.”

“झालेत खरे.”

नवव्यावर तिने बजावलं, “असेच रांगत राहिलात तर पाच वाजतील. पाचला हंगाम संपला की दांडा जागचा हलत नाही, आणि मग बोट एप्रिलपर्यंत अडकेल. तीही माझ्या दारात!” तिचं घर बाराव्या पुलालगत, अलीकडच्या काठाला होतं.

“तशी वेळ नाही यायची,” लुप्पो म्हणाला, आणि दहावा पूल येईपर्यंत स्वतःला शिव्या देत राहिला. दहाव्यावर त्याने नुसती टोपी उचलली. अकराव्यावर तिनेही नुसता हात हलवला. तेव्हा त्याने मनाशी म्हटलं, संपलं. आणि बोटीचा वेग वाढवला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. काठावरच्या बगळ्यालाही ते पटलं नसावं. तो उडाला.

पाचला दहा कमी असताना तो बाराव्या पुलाशी पोहोचला. वुबीना मधोमध उभी होती. पुलावरच्या रस्त्याचं फाटक उघडंच, दांडा सायकललाच बांधलेला.

त्याने इंजिन बंद केलं. “आलो. वेळेत.”

“दिसतंय.”

ती कठड्यावर कोपरं टेकून पाण्याकडे बघत राहिली. त्यानेही पाण्याकडे पाहिलं. इतकी शांतता त्यांच्यात कधी झाली नव्हती. तेवढ्यासाठी कधी वेळच मिळाला नव्हता. एक मिनिट गेलं, मग आणखी एक. बोट अलगद काठाला लागली. पूल उघडा असं म्हणायचा हक्क त्याला होता. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

चर्चच्या घड्याळाने पाच टोले दिले. वुबीनाने ते मोजले.

“बंद झालं,” ती म्हणाली. “आता एप्रिल.”

लुप्पोने मागे पाहिलं. अकरावा पूल मिटलेला. “याहून वाईट असू शकलं असतं,” तो म्हणाला.

ती पायऱ्या उतरून काठाशी आली. “अकरा वर्षं बघतेय. तो दुसरा कप कुणाचा?”

लुप्पोने थर्मास हलवून पाहिला. “कॉफी गार झालीय,” तो म्हणाला. जुलैपासून तयार केलेलं वाक्य जवळजवळ पुरतं आलं होतं.

“असू दे,” म्हणत वुबीनाने दोर धरायला हात पुढे केला.