तुरीचं बटण

भांडण सुरू झालं की बाई चष्मा काढून पदराने पुसायला लागायच्या. हाताखालची मुलगी गोंधळून त्यांच्याकडे पाहायची. बाई मान वर न करताच म्हणायच्या, "तू बोल. मी हाय."

लातूरच्या आमच्या मिलमध्ये सोयाबीन आणि तूर घेतात. मी वजनकाट्यावर, बाई शेजारच्या तपासणी खोलीत. मालातला ओलावा यंत्रावर मोजायचा आणि जास्त निघाला तर गाडी परत. परत म्हटलं की आवाज चढायचे. अशा वेळी अनुभवी माणसाने पुढे व्हावं की नाही, तुम्हीच सांगा. पण पुढे असायची एखादी पंचविशीची पोरगी.

माझी मुलगी तिथे लागली तेव्हापासून मी मोजायला लागलो. दिवाळीपर्यंत नऊ भांडणं झाली. नऊही वेळा मुलगी बोलली. बाई एकदाही नाहीत.

त्यातच बाई निवृत्त होणार होत्या. मालक म्हणाले होते, "पोरीला जमलं तर खोली तिच्याकडे. नाही तर बाईच अजून दोन वर्षं." मुलीला ती जागा मनापासून हवी होती. ती चुकली तर फायदा कुणाचा, हे कळायला फार हुशारी लागत नाही.

मी घरी म्हणालो, "त्या तुला पुढे करून स्वतः मागे राहतात."

"बाबा, तुम्ही तुमचा काटा बघा."

मग एक दिवस तिने रेणापूरच्या एका शेतकऱ्याचा टेम्पो परत पाठवला. तो फाटकाशी पोचला तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "बटण बघ."

यंत्रावर प्रत्येक धान्याचं वेगळं बटण असतं; दुसरं दाबेपर्यंत आधीचंच चालू राहतं. तिने सोयाबीन तुरीच्या बटणावर मोजलं होतं. आकडा साफ चुकीचा. तिचा चेहरा उतरला.

"आता?"

"जा, सांग त्याला. मी हाय."

बाहेर वीसेक माणसं होती, मालकही होते. ती फाटकापर्यंत चालत गेली. "काका, चूक माझी. टेम्पो आत घ्या."

"मघाशी तर लई ठणकावून सांगत व्हतीस! आता तरी बरोबर कशावरून?"

"आत या. तुमच्यासमोर मोजते."

तो आला. माल घेतला गेला. दुसऱ्या दिवसापासून लोक काट्यावरच विचारायला लागले, "ती पोरगी हाय का आत? तिलाच मोजू द्या." जागा तिला मिळाली.

पण माझ्या वहीत प्रत्येक गाडीची नोंद असते. त्या आठवड्यात तुरीची एकही गाडी आली नव्हती. मग यंत्र तुरीवर गेलं कसं? खोलीची किल्ली फक्त दोघींकडे.

शेवटच्या दिवशी मी विचारलंच. "बाई, तुरीचं बटण कुणी दाबलं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "भाऊ, तुमच्या वहीत न्हाई का ते?" डबा पिशवीत टाकला आणि गेल्या. पुन्हा मिलकडे फिरकल्या नाहीत.

त्यांचं स्टूल रिकामंच असतं. माझी मुलगी दाराशी उभी राहते. गेल्या सोमवारी तिच्या हाताखाली एक नवी मुलगी आली. मी सहीसाठी आत गेलो, तर समोर सोयाबीन आणि यंत्र तुरीवर. मी बोलणार, इतक्यात माझ्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. वही चाळली. बारा दिवसांत तुरीची गाडी नव्हती.

बाहेर गाडी परत केलेल्या शेतकऱ्याचा आवाज चढला. नवी मुलगी गोंधळून वळली.

"तू बोल," माझी मुलगी म्हणाली. "मी हाय."