बापाला पाठीवर घेताना

देवावर रुसायला माझ्याकडे कारण होतं. गेल्या वर्षी आई तापाने फणफणली, तेव्हा मी मार्कंड्याला अनवाणी चालत जाऊन मार्कंडेश्वराच्या उंबऱ्यावर डोकं ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिनेच मला अठराव्या वर्षी एक नेम लावून दिला होता. सकाळी चहाच्या आधी अंगणात उभं राहून, मार्कंड्याकडे तोंड करून एक्कावन्न साष्टांग नमस्कार. चामोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावाहून देऊळ फार लांब नाही. सत्तावीस वर्षं मी नेम पाळला, पाऊस असला तर ओसरीत घातले, पण घातले. आईच्या तेरवीनंतर सोडून दिला. म्हटलं, देवा, आता तू तुझ्या घरी आणि मी माझ्या.

मी झाडीपट्टी रंगभूमीचा नट. धानाची कापणी झाली की आमचा हंगाम लागतो. रोज नवं गाव, रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही, आणि उजाडलं की सामानासकट गाडीत बसून पुढचा मुक्काम. हे सगळं मी आजवर झेललं ते माझ्या अंगातल्या धमकेवर, असा माझा पक्का समज होता. नमस्काराचा आणि नाटकाचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता. नमस्कार देवाचे आणि दमसास माझा, अशी सरळ वाटणी करून टाकली होती.

या हंगामात पौष लागेपर्यंत निभावलं. मग गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला श्वास पुरेना. गाडीतून उतरताना कंबर धरायची. मी गोळ्या घ्यायचो, वर रंग लावायचो आणि कोणाला काही बोलायचो नाही. नटाने कंबर दुखते म्हणायचं म्हणजे भूमिकेवर पाणी सोडायचं. त्यात यंदाच्या नाटकात शेवटच्या प्रवेशात मी घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन निघतो. बापाचं काम करणारे काका सत्तरीला आलेले. मला रंगभूमीवर त्यांनीच आणलं. मी कमरेतून वाकून एका हिसक्यात त्यांना पाठीवर घ्यायचो आणि त्या हिसक्यावर टाळ्या पडायच्या. मला त्या टाळ्यांची चटक लागली होती.

आलापल्लीच्या अलीकडे एका गावात प्रयोग होता. शेवटच्या प्रवेशाला अर्धा तास असताना, शाळेच्या ज्या खोलीत आमची रंगरंगोटी चालायची तिथे मी खाली पडलेली काठी उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. वरही होता येईना, खालीही बसता येईना. घाम फुटला. कंपनीचे मालक आले, बघितलं आणि म्हणाले, "जमत नसन तं आत्ताच सांग. दुसऱ्याले उभा करतो. मंग उद्यापासून तोच करन."

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "मी जाईन तं याच्याच पाठीवर. नाई तं मले नाई जाचं."

मालकांच्या बोलण्यापेक्षा मला काकांच्या बोलण्याची भीती वाटली. भूमिका गेली तर गेली, पण मी कोलमडलो तर त्या म्हाताऱ्याची हाडं गोळा करावी लागतील. नाही म्हणून टाकावं, हे कळत होतं. पण ते दोघं बाहेर गेले आणि मी भिंत धरून तसाच वाकलेला राहिलो.

तेवढ्यात एक बाई रिकामी बाटली घेऊन आत आली. खोलीच्या कोपऱ्यात पाण्याचा ड्रम होता. साठीची असेल, गुडघ्यापर्यंत लुगडं, कमरेला दुपट्टा बांधलेला. बाटली भरता भरता तिने माझ्याकडे बघितलं.

"कंबर धरली का जी भाऊ? धानाच्या रोवण्यात आमची रोज धरते. चिखलात दिवसभर वाकून राह्यतो ना."

तिने मला सतरंजीवर निजवलं, पाय पेटीवर ठेवायला लावले आणि श्वास पोटात घ्या म्हणाली. हळूहळू गाठ सैल झाली. मग तिने विचारलं, "अंगाले काई सवय होती का, आता सुटलेली?" आणि जे मी बायकोलाही बोललो नव्हतो ते त्या अनोळखी बाईला सांगून बसलो. आई, नमस्कार, माझा रुसवा, सगळं.

ती म्हणाली, "देवावर रुसले, ते समजलं जी. अंगावर काऊन रुसले?"

तिने कमरेचा दुपट्टा सोडून माझ्या पोटाभोवती घट्ट आवळला. "वाकून नका उचलू. धानाचा भारा कसा उचलतो आमी? आधी खाली बसाचं, भारा अंगाशी घ्याचा, मंग पायानं उठाचं." एवढं सांगून ती बाटली घेऊन नाटक बघायला गेली.

मालकांना मी करतो म्हणून सांगितलं. प्रवेशाची वेळ आली. काका ओट्यावर बसलेले. मी त्यांच्याकडे पाठ करून एक गुडघा जमिनीला टेकला. त्यांनी गळ्यात हात घातले. आज हिसका नाही, उचलायला वेळ लागतो म्हणून समोर चुळबुळ झाली. मी श्वास पोटात घेतला आणि पायांवर भार दिला. अर्ध्यावर आलो आणि पुढे जाईना. खालीही आणता येईना. तेव्हा पहिल्यांदा, कित्येक महिन्यांनी, मनात म्हटलं, मार्कंडेश्वरा, माझ्याच्यानं होत नाही, आता तू बघ. काका कानाशी पुटपुटले, "हळू. मले कुठी जाची घाई नाई."

मी उठलो. कसा ते सांगता येणार नाही. पाच हजार माणसं असतील की पाचशे, कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. बाप पाठीवर घेण्याआधी मुलाने गुडघा टेकावा, हे आम्हा कोणाला आजवर सुचलं नव्हतं.

पडदा पडल्यावर दुपट्टा परत द्यायला धावलो. गर्दी पांगली होती. दोन-चार बायांना विचारलं. एक म्हणाली, "रोवणाऱ्या बाया आमी सगळ्याच, भाऊ. कोन म्हनून सांगू?" ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. तहानलेली एक बाई पाण्याला आली, एवढं मला पुरतं.

गाडी निघायच्या आधी शाळेच्या मैदानात मार्कंड्याकडे तोंड करून उभा राहिलो. कमरेला दुपट्टा तसाच होता. नमस्कार एकही पुरा झाला नाही. गुडघा टेकला आणि त्यापुढे वाकता येईना, म्हणून तिथेच हात जोडून थांबलो. आई नेम कशासाठी लावून गेली होती ते तेव्हा कळलं आणि रडू आलं. गाडीतून काका ओरडले, "झाला का देव?"

"झाला नाई," मी म्हणालो. "सुरू झाला."