पातेल्याच्या तळाचा भात

नवऱ्याला साखर निघाली तेव्हा आमच्या अख्ख्या घराने डाएट केलं. मला निघाली तेव्हा मी एकटीने. गोष्ट एवढीच आहे, आणि एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझा राग अजून गेलेला नाही.

आधी त्याची हकिगत. डॉक्टरांनी त्याला भात, पोळी, बटाटा आणि गोड जवळजवळ बंद करायला सांगितलं. अंडी, पालेभाज्या, पनीर, मासे खा म्हणाले. संध्याकाळी तो नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत परतला तो जग बुडाल्यासारखा चेहरा करून. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आईच म्हणतो, डोळ्याला पदर लावला. त्यांचा स्वतःचा एक डोळा साखरेनेच गेलेला, त्यामुळे त्यांची भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात भाताचं पातेलं चढलं नाही. त्याच्यासमोर कुणी खाल्ला तर त्याला मोह होईल, म्हणून कुणीच खायचा नाही असं ठरलं. ठरवलं आईंनी, पाळलं मी आणि कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने. मी शाळेत शिकवायला निघण्याआधी त्याची अंडी उकडून ठेवत होते, काकडी चिरत होते, मेथीत पनीर घालत होते. येवल्याहून नणंद कुणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर गावरान अंडी पाठवायची. त्याच्या ऑफिसातल्या मित्रांनी वाढदिवसाचे केक बंद करून फुटाणे आणायला सुरुवात केली. विहारात पौर्णिमेला खीर वाटायचे तेव्हा त्याच्या वाटीत आठवणीने शेंगदाणे पडायचे, आणि सगळे कौतुकाने बघायचे.

हळूहळू त्याची साखर उतरली. मग जिकडेतिकडे एकच बोलणं, काय निग्रह आहे माणसाचा. निग्रह म्हणे. ज्याच्या नजरेला कित्येक महिने भाताचं शीत पडू दिलं नाही, त्याला निग्रह लागतो कशाला?

माझी पाळी आली ती डोळ्यांमुळे. वर्गात मागच्या बाकावरून कोण हात वर करतंय ते मला कळेनासं झालं. हात दिसायचा, चेहरा दिसायचा नाही. मी अंदाजाने नाव घ्यायचे आणि मुलं हसायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, उजव्या डोळ्यातला चांगलाच पिकलेला. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं तर साखर इतकी, की ते म्हणाले, ही खाली आणा, तोवर मी डोळ्याला हात लावणार नाही. वर असंही म्हणाले की आतल्या पडद्यावरही साखरेचा परिणाम दिसतोय, फार वेळ घालवू नका. घरी आले तर समोर पलंगावर आई, त्यांचा तो पांढरा पडलेला डोळा माझ्याकडे वळवून. मला आणखी कुणी घाबरवायची गरज नव्हती.

आता आपलं घर आपल्या पाठीशी उभं राहील असं मला वाटलं. का वाटू नये? या घराला तर सवय होती.

नवरा म्हणाला, "अगं, मी केलं ना? तूही करशील. तुझ्याच हातात तर स्वयंपाकघर आहे." हे वाक्य मी नीट ऐकून घ्यायला हवं होतं, कारण पुढचं सगळं त्यातच होतं. त्याची साखर आता ठीक होती, त्याला डॉक्टरांनी थोडा भात चालेल म्हटलं होतं. मुलीलाही इतक्या महिन्यांचा भात वसूल करायचा होता. म्हणजे मी भात रांधायचा, पोळ्या लाटायच्या, त्यांना वाढायचं आणि स्वतः मात्र अंड्याचा पोळा आणि दोडक्याची भाजी खायची. मी एकदा म्हटलं, "आपण सगळेच थोडे दिवस भात बंद करू या का?" तर तो खरोखर आश्चर्याने म्हणाला, "तुला कुणी आग्रह करतंय का? तू नको खाऊस."

धीर द्यायला मात्र कुणी कमी नव्हतं. सकाळी उठले की फोनवर त्याचा मेसेज असायचा, उगवता सूर्य आणि खाली 'तुम्ही करू शकता'. तो पाठवणारा माणूस शेजारच्याच खोलीत असायचा, आणि थोड्या वेळाने तिथूनच आवाज यायचा, "पोहे होतील का आज?" नणंद फोन करून सांगायची, वहिनी, मन घट्ट करायचं, बाकी काही नाही. अंडी पाठवणं बहुधा तिच्या लक्षात राहिलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायला माणसं भरपूर होती, शेळ्यांमध्ये मी एकटीच.

तरीही मी नेटाने केलं. हे मी छाती ठोकून सांगते. ताटात भात घेतला नाही, पोळी घेतली नाही, चहातली साखर सोडली, शाळेत शिक्षकदिनाचा पेढा हातात घेऊन शेजारच्या बाईंना दिला. आणि पुढच्या तपासणीला साखर जिथल्या तिथे.

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, पथ्य होत नाहीये तुमच्याकडून." मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीवरून नवरा म्हणाला, "मी घरी सांगत असतो डॉक्टर, पण ऐकत नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्गात एखाद्या पोराला न केलेल्या गोष्टीसाठी उभं करावं, तशी मी त्या खुर्चीत बसले होते. त्या दिवसापासून घरात साखरेच्या डब्याकडे बघणाऱ्या नजरा बदलल्या. मुलगी हसत म्हणाली, "आई, कपाटात पेढे लपवलेस का?" तिने थट्टा केली, हे मला कळतं. पण आईंनी त्यांच्या त्या चांगल्या डोळ्याने माझ्यावर पाळत ठेवली ती थट्टा नव्हती. मी स्वयंपाकघरात जरा जास्त वेळ थांबले की हाक यायची, "काय करतीस गं?"

काय करणार होते? झाकपाक.

आमच्या कॉलनीच्या मैदानावर संध्याकाळी आम्ही तिघी फिरायचो. तिघींनाही साखर. एक शेजारच्या इमारतीतली, आणि एक बँकेतून निवृत्त झालेली, मूळची सटाण्याची. ही एरवी अगदी पुस्तकी बोलायची, पण तापली की तिची अहिराणी बाहेर पडायची. मी त्या दोघींना दवाखान्यातला प्रकार सांगितला, सांगता सांगता रडलेसुद्धा. शेजारची म्हणाली, माझंही तेच, माझ्या घरचे तर म्हणतात मशीनच खोटं. सटाण्याची चालत राहिली. मैदानाला आणखी एक फेरी झाल्यावर ती एकदम थांबली आणि म्हणाली, "व माय, मंग तो उरेल भात कोन खास?"

उरलेला भात कोण खातं.

मी खात होते. रोज. सगळ्यांची जेवणं झाली, माझंही झालं, की पातेल्याच्या तळाला चार घास भात असायचा. त्यात वाटीभर उरलेलं वरण. मुलीने अर्धी टाकलेली पोळी. ओट्यापाशी उभ्या उभ्या ते सगळं कालवून मी संपवायचे आणि पातेलं घासायला टाकायचे. अन्न टाकायचं नाही, ही आईंची पहिली शिकवण. त्यांच्या लहानपणी दुसऱ्यांच्या दारचं शिळं मागून आणावं लागायचं. ते त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि मी एखादं शीत टाकलं तरी त्यांच्या जिवाला लागायचं. त्यामुळे ते संपवणं हे माझ्या हिशेबी जेवण नव्हतंच. ते काम होतं. भांडी आवरणं, गॅस पुसणं, उरलेलं संपवणं. डॉक्टरांनी विचारलं, भात खाता का, आणि मी म्हटलं नाही. मी खोटं बोलले नव्हते. ताट, पाणी, बसणं असेल तर जेवण, बाकी सगळं आवरणं, असं मला वाटत आलं होतं, आणि त्या मैदानावरच्या दोघींनाही तसंच वाटत आलं होतं. आम्ही तिघी शिकलेल्या, कमावत्या बायका.

सटाण्याच्या बाईने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. शेवटचा घास झाला की हात धुवायचा आणि एकमेकींना फोन करायचा, गॅलरीत उभं राहून. स्वयंपाकघर घरातल्या कुणीही आवरो, आपण नाही. "आणि अन्न टाकायचं नाही," ती म्हणाली, "ते चुकीचंच आहे. ज्याचं उरलं त्याच्यापुढे ठेवायचं."

त्याच संध्याकाळी मी जेवले, हात धुतला आणि भाताचं पातेलं बाहेर आणून नवऱ्यासमोर ठेवलं.

"हे काय?" तो म्हणाला.

"उरलाय. खा."

"अगं, पोट भरलंय माझं."

"माझंही रोज भरलेलंच असतं," मी म्हटलं.

त्याला काही समजलं नाही. मग मी समजावून सांगितलं, आवाज न चढवता, आणि माझा आवाज न चढणं हे आमच्या घरात फार वाईट लक्षण आहे. कोण काय टाकतं, ते कुठे जातं आणि दवाखान्यात कोण कुणाला 'ऐकत नाही' म्हणतं. मुलगी खाली मान घालून ताटातली अर्धी पोळी खाऊ लागली. तो म्हणाला, "एवढ्याशा भातावरून भांडतेस?"

"एवढासाच आहे. डोळाही एवढासाच असतो."

आई पलंगावरून म्हणाल्या, "अन्नावरून वाद घालू नका रे." तेवढ्यात माझा फोन वाजला. सटाण्याच्या बाईने पहिलंच विचारलं, "पातेलं कुणापाशी आहे?" मी म्हटलं, "ज्याचं आहे त्याच्यापाशी," आणि गॅलरीत गेले. आत नवऱ्याने तो भात खाल्ला. रागाने खाल्ला, पण खाल्ला.

दुसऱ्या दिवशीही त्याने खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट जड झालं. आणि त्यानंतर एका संध्याकाळी तो स्वतः स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "आज तांदूळ जरा कमीच घे." ज्या घराला इतक्या वर्षांत भाताचा अंदाज कधी आला नव्हता, त्याला आठवड्यात आला. पुढे तांदळाची दोन भांडी कमी झाली, मग रात्रीचा भातच बंद झाला. फोन मात्र आम्ही एकही दिवस चुकवला नाही. कधी एखादीचा जीव पोळीच्या तुकड्यासाठी तळमळायचा, तेव्हा बाकीच्या दोघी तिला गॅलरीतून हलू द्यायच्या नाहीत, शेजारपाजारच्या उखाळ्यापाखाळ्या काढत उभ्या राहायच्या. मला धीर म्हणून जे मिळालं ते हे. सूर्याची चित्रं नाहीत.

साखर उतरली. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला. आदल्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने नणंदेला फोन लावला आणि माझ्या देखत म्हणाला, "हो, उद्या आहे. आम्ही सगळ्यांनी खूप सपोर्ट केला तिला." मी डोळ्यात औषध घालून मान वर करून बसले होते, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही. मी फक्त म्हटलं, "पातेल्याचंही सांगा त्यांना." तो फोन घेऊन गॅलरीत गेला.

आईंनी मला पलंगाजवळ बोलावलं. माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, "तुह्या त्या सटाण्याच्या बाईनं तुला काय इचारलं व्हतं गं?" घरात एवढं रामायण झालं तरी तो प्रश्न मी त्यांना कधी सांगितला नव्हता; त्या बाईने काहीतरी विचारलं होतं, एवढंच माझ्या फोनवरच्या बोलण्यातून त्यांच्या कानावर आलं असावं. मी सांगितला.

"मला बी दवाखान्यात इचारलं व्हतं," त्या म्हणाल्या, "भात खाती का म्हणून. मी म्हनले नाय. तुहा सासरा म्हनला, चोरून खात असंल." मग थांबून म्हणाल्या, "मी खोटं नव्हते बोलले, पोरी. ताटात वाढून मी भात घेतलाच नाय कधी."

गॅलरीतून नवऱ्याचा आवाज येत होता. तो बहिणीला सांगत होता, "आईसारखं व्हायला नको म्हणून लक्ष ठेवलं गं. आईने पथ्य कुठे पाळलं?"

आईंनी ऐकलं. माझा हात त्यांनी सोडला नाही. मी तिथूनच हाक मारली, "अहो, फोन ठेवा आणि आत या. आईंना तुम्हाला काहीतरी सांगायचंय."