हाताने बांधलेला बो

बोमामाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, गळे राहत. एकतीस वर्षं त्यानं प्रवासी जहाजाच्या कपडेखान्यात काढली. ही खोली पाण्याच्याही खाली होती, आणि खिडकी हवी म्हणून तिथं कुणीतरी भिंतीवर समुद्राचं कॅलेंडर लावलं होतं. इस्त्री, बटणं, उसवलेल्या शिवणी हे रोजचं काम. पण दर सफरीत दोनदा फॉर्मल नाइट, म्हणजे सगळ्यांनी औपचारिक पोशाखात जेवायला बसायची रात्र, असायची. त्या संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तो हात धुऊन वर जायचा आणि केबिन-केबिन फिरून पुरुषमंडळींच्या गळ्यात फुलपाखरासारखे बो-टाय बांधून द्यायचा. म्हणून हे नाव पडलं. खरं नाव हजेरीपटात होतं, ते तिथंच राहिलं.

त्या दीड तासात भल्याभल्यांनी त्याच्यापुढे मान वर करून उभं राहावं, असा त्याचा रुबाब. टक्सीडो या काळ्या मेजवानी-सुटाच्या बाबतीत तो कुणाची भीड ठेवत नसे. त्यावर चामडी पट्टा लावलेला दिसला की स्वतः सोडायला लावी. तपकिरी बूट दिसले की त्याचा चेहरा असा पडे, की तो माणूस मुकाट्यानं काळे शोधू लागे. आणि क्लिप लावून अडकवायच्या तयार बोचा तर त्याला मनापासून राग. म्हणायचा, "हाताने बांधलेल्या बोची एक पाकळी दुसरीपेक्षा उगीच जरा मोठी असते. अगदी मापात दिसला, की समजायचं दुकानातून आलाय."

साडेसातला जेवणाचं सभागृह भरायचं आणि बोमामा जिना उतरून खाली यायचा. कपडेखान्यातल्या माणसांना वर थांबायची मुभा नव्हती. आपण सजवलेली माणसं एकत्र बसल्यावर कशी दिसतात, हे त्यानं कधी पाहिलं नाही. छतातून खुर्च्या सरकवल्याचे आवाज तेवढे यायचे.

सुट्टीवर घरी आला की तो बायकोला सगळं रंगवून सांगायचा. कुणाचा कोट काखेत काचत होता, कुणाच्या गळ्याला कापल्याची खूण होती, कोणता म्हातारा टाय बांधताना रडला. पहिल्या सुट्टीत तर त्यानं तिच्या केसांची रिबीन तिच्याच गळ्यात बांधून सराव केला होता. ती हसू दाबत लाटणं हातात धरून उभी राहिली होती आणि गॅसवरचं दूध उतू गेलं होतं.

"आणि तो हॉल कसा आहे हो?" ती दरवेळी विचारायची.

"मी कुठं पाहिलाय?"

"मग एकदा दोघं जाऊन बघू."

बघू, बघू म्हणता दिवस गेले. बोमामा निवृत्त झाला. मग बायकोच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. साखरेनं आतला पडदा खाल्ला होता. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही. ती मात्र म्हणायची, डावीकडे थोडं धुकं आहे, एवढंच.  नजर आहे तोवर तिला तो हॉल दाखवायचाच, असा बोमामानं ध्यास घेतला. लेकीनं मनावर घेतलं, तिकिटं काढली, आणि एकतीस वर्षं ज्या जहाजात तो मागच्या दारानं चढला, त्यात पुढच्या दारानं चढला.

तिसऱ्या दिवशी दुपारी केबिनच्या दाराखालून एक पत्रक आत सरकलं. आज फॉर्मल नाइट. पुरुषांनी गडद सूट किंवा टक्सीडो घालावा, टाय अथवा बो लावावा. जीन्स, अर्ध्या चड्ड्या, टोप्या आणि चपला यांना सभागृहात प्रवेश नाही.

"चपला!" बोमामा कडाडला. "चपला घालू नका, हे लिहून सांगावं लागतं आता!"

"तुम्ही असताना लिहावं लागत नव्हतं," ती म्हणाली. एवढ्यावर तो खूश झाला.

त्याचा कोट तयार होता. फार पूर्वी कुणी प्रवासी विसरून गेला, वर्षभर कुणी मागितला नाही, म्हणून त्याला मिळालेला. त्यानं तो सगळा उसवून स्वतःच्या मापाचा केला होता आणि आजवर एकदाही घातला नव्हता. शर्ट घातला, कफची बटणं लावली, आणि काळी पट्टी गळ्यात टाकून तो न्हाणीघरातल्या आरशापुढे उभा राहिला.

आणि अडला.

उजवी बाजू वर, डावी खाली, मग वळण... नाही. आरशातला माणूस उलटाच हात हलवत होता. पुन्हा सोडलं, पुन्हा धरलं. सहाव्यांदा गाठीचा बोळा झाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हजारो बो बांधले ते सगळे समोरच्याच्या गळ्यात. आपल्या गळ्यात एकही नाही. त्याच्या हातांना दुसऱ्याचा गळा ठाऊक होता, स्वतःचा नव्हता. डोळे मिटून पाहिलं, तरी जमेना.

शेवटी पट्टीची दोन्ही टोकं छातीवर लोंबत ठेवून तो बाहेर आला. बायको ठेवणीतले कपडे घालून पलंगाच्या कडेला बसली होती. आता ही तोंडभर हसणार, अशी त्याची खात्री होती.

तिनं मान वर केली. "अगंबाई! काय शोभतोय हो बो तुम्हाला! कसा सरळ बसलाय."

त्याला वाटलं, फिरकी घेते आहे. "पुरे झाली थट्टा," तो म्हणाला. पण ती कौतुकानं बघतच राहिली, आणि बघत होती ती त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्याशेजारच्या दिव्याकडे.

 तो तिच्याशेजारी बसला.

"कधीपासून?"

 हाताने चाचपत तिनं ती लोंबणारी टोकं धरली आणि तिला कळलं काय झालं ते. "तिकिटं आली त्याच्या आधीपासून," ती म्हणाली. "उजेड कळतो. हललेलं कळतं. बाकी अंदाजानं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात?"

"अगं, मी तुला हॉल दाखवायला आणलं!"

"हॉल तुम्हाला बघायचा होता," ती म्हणाली. "पहिल्या सुट्टीपासून. मी आपली विचारत राहायचे, कारण तुम्ही स्वतःहून कधी म्हणाला नसतात."

हे खरं होतं, आणि ते इतक्या वर्षांत त्यानं स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. बोमामा रडला. साठी उलटलेला माणूस, कडक शर्टाची कॉलर भिजेपर्यंत रडला. "नको जाऊ या," तो म्हणाला. "इथंच मागवू जेवण."

"मुळीच नाही. इतकी वर्षं तुम्ही नुसत्या गळ्यांच्याच गोष्टी सांगितल्यात. आज हॉल बघून सांगा."

तो उठला. तिला हात धरून उभं केलं, गळ्यातली पट्टी काढून तिच्या गळ्यात टाकली आणि तिच्यासमोर उभा राहिला. हात आपोआप चालू लागले. वर, खाली, वळण, आतून ओढ. एका दमात बो तयार. मग पट्टीचा मानेमागचा हूक काढून तो तसाच बांधलेला बो त्यानं स्वतःच्या कॉलरखाली लावला.

तिनं बोटांनी तपासला. "वाकडा आहे. ही पाकळी मोठी झालीय."

"राहू दे," तो म्हणाला.

सभागृहाच्या दारातल्या माणसानं झुकून वाट दिली. बोमामा आत पाऊल टाकून थबकला. दिवे होते, काच होती, पांढरी टेबलं होती, आणि जिकडे तिकडे काळे कोट. त्याचे डोळे भरून आले आणि पाठोपाठ तोंड सुरू झालं. "छत दोन मजले उंच आहे. दिवे खाली लोंबतात, कानातल्यासारखे. डावीकडच्या टेबलावर एक जाडा गृहस्थ आहे, कमरेचा रेशमी पट्टा उलटा बांधलाय, चुण्या वर हव्यात त्या खाली. त्याच्यापलीकडचा क्लिपवाला. एक पोरगा बापाचा कोट घालून आलाय, बाह्या बोटांपर्यंत, पण ऐट बघ त्याची." ती ऐकत होती, मधूनच हसत होती. त्याला आयुष्यात पहिल्यांदा गळ्याच्या वर चेहरे दिसत होते, आणि तो तेही सांगत होता.

सूप आलं तसा तो जरा थांबला.

"आणि माझ्यासमोर कोण बसलंय?" तिनं विचारलं.

बोमामानं स्वतःकडे पाहिलं. "एक म्हातारा आहे. कोट आता खांद्यात सैल पडलाय. बूट काळे, चकचकीत. कॉलर भिजलेली."

"आणि बो?"

"वाकडा."

"मग हाताने बांधलेला असणार," ती म्हणाली, आणि चमच्यासाठी तिनं हात पुढे केला.