टेस्ट नावाची नदी

इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये टेस्ट नावाची नदी आहे. मी ती कधी पाहिली नाही. जर्मनीत, कायझर्सलाउटर्नच्या एका खोलीत बसून जुन्या नकाशांवरून तिचा प्रवाह ठिपक्याठिपक्याने कॉम्प्युटरमध्ये उतरवत होते. ओव्हरटनजवळ उगम, आधी पश्चिमेला, मग दक्षिणेला वळून स्टॉकब्रिज, रॉम्सी, शेवटी साउदॅम्प्टनची खाडी. नदी तशी लहानच, पण जागोजागी फाटे फोडते आणि ते पुन्हा येऊन मिळतात. एकेका फाट्याने माझे आठवडे खाल्ले. पूर कुठे पसरेल याचं गणित या ठिपक्यांवर उभं राहायचं होतं, आणि माझी पीएचडी त्या गणितावर.

सांगलीला बाबा शेजारीपाजारी सांगायचे, "मुलगी टेस्टवर काम करते." लोकांना क्रिकेट वाटायचं. बाबा ते दुरुस्त करत नसत.

आमच्या सर्व्हरवर जागा कायम कमी. दर शुक्रवारी एकाने साफसफाई करायची. प्रोग्रॅम चालतो का बघायला जो तो 'टेस्ट' नावाने कचरा करून ठेवायचा, म्हणून नियम मीच सुचवला होता, मोठ्या हुशारीने: नावात 'टेस्ट' असलेलं आणि महिनाभर न उघडलेलं फोल्डर उडवायचं. बॅकअपमध्येही ते घ्यायचं नाही. तेव्हा नदी माझ्याकडे आलेली नव्हती. ती आली, आणि मी तिला तिच्याच नावाचं फोल्डर दिलं. पुढे महिनाभर ते न उघडता नुसता प्रबंध लिहीत बसले आणि मग साफसफाईचा माझा शुक्रवार आला. डोळे मिटत होते. यादी न वाचताच एंटर दाबलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, ते हेच.

गाइडला जर्मनीत डॉक्टरफाटर म्हणतात, डॉक्टरकीचा बाप. सोमवारी त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं, "मीच पुसलं."

त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं. "तर मग, तुमचा करार तीन महिन्यांनी संपतो. तेवढ्यात पुन्हा होईल?"

"हो," मी म्हणाले. करार संपला की व्हिसाही संपणार होता. रडूसुद्धा आलं नाही, इतकी दमले होते.

रविवारी फोन कार्ड घेऊन घरी फोन लावला.

"काय म्हणते टेस्ट?" बाबांनी नेहमीसारखं विचारलं.

"गेली, बाबा. माझ्याच हातून पुसली गेली. सगळं पहिल्यापासून करायचंय."

 

"म्हणजे फॉलोऑन," ते म्हणाले.

"बाबा, मी दमलेय. परत यावंसं वाटतंय."

"ये की. घर तुझंच आहे. पण फॉलोऑनमध्ये आत्ताच बाद झालेल्यालाच पुन्हा पॅड बांधावे लागतात, बाळा. दम खायला कुणी देत नाही." मग म्हणाले, "उगम कुठे म्हणाली होतीस?"

"ओव्हरटनजवळ."

"हां. तिथून सांग. मी ऐकतोय."

मी सांगू लागले. एकेक वळण, एकेक फाटा. कार्ड संपलं तेव्हा आम्ही स्टॉकब्रिजच्याही अलीकडेच होतो.