श्वास ऐकू येण्यापुरती शांतता

सकाळी वहिनीचा फोन आला आणि ती बोलण्याआधीच मला कळलं, कारण तिच्यामागे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर नव्हती. गेले काही महिने कर्जतहून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये ती घरघर असायचीच. माझा थोरला भाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, गेला... कुणाला कळवायचं, गाडी कुणाची, दवाखान्याचे कागद कुठे आहेत, अशी यादी करून मी नगरहून निघाले. रडू आलं ते बरंच नंतर.

दादा साखर कारखान्यात नोकरीला होता, संगीत कधी शिकला नव्हता. तरुणपणी त्याने भिंगारमधल्या जुन्या सामानाच्या दुकानातून रेकॉर्ड प्लेअर आणला, तेव्हा दुकानदाराने एक विलायती रेकॉर्ड तशीच देऊन टाकली. वेष्टन फाटलेलं, वाजवणाऱ्याचं नाव पुसलेलं. वर सॅक्सोफोन, खाली हातांनी वाजवलेले ढोल आणि खुळखुळे, मागे चर्चमधल्यासारखा ऑर्गन. ठेका असा की पाय आपोआप हलावेत, आणि सूर मात्र कुणाचं तरी जाणं मनाला लागलेल्या माणसाचा. ही दोन्ही एकत्र कशी नांदतात, याचं दादाला शेवटपर्यंत नवल वाटे. वहिनीला त्यात लग्नातला बँडच ऐकू यायचा. ती स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कुणाची वरात हाय?" तो म्हणायचा, "तुझीच. ये बाहेर." ती कधी आली नाही.

दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या संथ गाण्याआधी तो अनोळखी वादक श्वास घेतो. दादा तिथे बोट वर करायचा आणि आम्ही गप्प व्हायचो.

पुढे दादाची फुप्फुसं थकली आणि ऑक्सिजनचं मशीन घरात आलं. औषधांच्या वेळा, वीज गेली तर सिलिंडर, सगळं मी लावून दिलं. एके दुपारी त्याने रेकॉर्ड लावायला सांगितली. बोट वर केलं... आणि खाली घेतलं. घरघरीत तो श्वास ऐकूच आला नाही. एवढं गाणं होईतो मशीन बंद करा, म्हणाला. वहिनी बटण अडवून उभी राहिली. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी डॉक्टरांना विचारून नगरहून लांब नळी आणली. मशीन स्वयंपाकघरात नेलं, नळी दाराखालच्या फटीतून काढली, दार ओढून घेतलं. वहिनी मशीनपाशीच थांबते म्हणत होती, पण दादाने हाताने बोलावलं. ती प्रथमच त्याच्या पलंगावर रेकॉर्ड ऐकायला बसली. तो श्वास आला तेव्हा हळूच म्हणाली, "दमलाय वो बिचारा."

"न्हाई," दादा म्हणाला. "अजून वाजवायचंय त्याला."

दादा गेल्यावर मशीन आम्ही परत केलं. परवा कर्जतला गेले तेव्हा वहिनीने स्वतःच रेकॉर्ड काढली, पुसली, लावली. सुई टेकवण्याआधी उठून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. आत आवाज करणारं काहीच नव्हतं.